घाबरवायचे पैसे

वाचणाऱ्याने आधी मला माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही शिरपूर तालुक्यातल्या एका खेड्यात. वेलांटी पहिली की दुसरी, हे मी अंदाजाने ठरवते. अक्षर असं की माझी मुलगी म्हणते, "आई, तुझी अक्षरं ओळीत उभी नाहीत, रेशनच्या दुकानासमोर ढकलाढकली करतायत." तरी लिहिते, कारण हे तोंडाने कुणाला सांगणं मला जमणार नाही. चार माणसं समोर आली की माझा आवाज पदरातच राहतो.

सांगायचंय ते माझ्या जेठांबद्दल, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाबद्दल. नाव उखा. सगळे उखाआप्पा म्हणतात. आमच्याकडची रीत अशी की जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नाही. तिने पदर घ्यायचा आणि आडोशाला व्हायचं. आता सुरतेत, लिंबायतच्या दोन खोल्यांत, आडोसा आणायचा कुठून? म्हणून आप्पांनी माझ्या लग्नानंतर आठ दिवसांत स्वतःच एक तोड काढली. ते भाजीशी बोलू लागले.

"दुधीबाई, आज चहा मिळणार आहे, की पाहुणे गेल्यावर?"

"वांगेभाऊ, सांगा कुणाला तरी, माझ्या सदऱ्याचं बटण तुटलंय."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपल्याला वेड्याच्या घरात दिलं. आईला तसं कळवणारही होते. मग कळलं की वेडेपणा नाही, मर्यादा आहे. पुढे मीही तशीच उत्तरं देऊ लागले. "वांगेभाऊ, बटण लावून सदरा दोरीवर टाकलाय." अशी बावीस वर्षं गेली. घरात भाजी नसली की आमचं बोलणं बंद. एकदा भाजीवाल्यांचा संप होता, तेव्हा आप्पा तीन दिवस अळणी जेवले. मीठ कमी आहे हे सांगायला घरात एक कांदासुद्धा नव्हता.

आप्पा आधी लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, होते. कारखाना बंद पडला तसे एका कॅटरर्सकडे लागले आणि तिथे सलाड सजवायला शिकले. सुरतेतल्या लग्नात तुम्ही जेवला असाल, तर मधल्या टेबलावर मुळ्याचे बगळे, काकडीचा मोर आणि कलिंगडावर कोरलेली नवरानवरीची नावं पाहिली असतील. ते काम आप्पांचं. बाजारातल्या सुऱ्या ते वापरत नाहीत. लूमच्या जुन्या फणीची पाती घासून केलेल्या सात सुऱ्या आहेत, त्या चामड्याच्या पाकिटात असतात आणि त्यांना घरात कुणी हात लावायचा नाही.

त्यांचे नियम पुष्कळ. पहिला नियम, डोळे शेवटी. बगळा घरून नेतील, मोर घरून नेतील, पण लवंगेचे डोळे लग्नाच्या टेबलावरच लावतील. आणि एकदा डोळे लागले की ती भाजी आप्पा स्वतः खाणार नाहीत. मी एकदा चुकून लग्नातून उरून आलेला डोळेवाला बटाटा रश्श्यात टाकला. आप्पांनी ताटातल्या टोमॅटोला विचारलं, "आज कोण आहे रश्श्यात?" आणि उठून गेले.

दुसरं म्हणजे, काहीही विचारा, ते आधी उजव्या हाताकडे बघतात आणि म्हणतात, "हाताला विचारून सांगतो." कामाचे किती घ्याल? हाताला विचारून सांगतो. लग्नाला येणार का? हाताला विचारून सांगतो. एकदा डॉक्टरने विचारलं, झोप लागते का, तेव्हाही तेच.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास वेसूहून, म्हणजे सुरतेच्या श्रीमंत वस्तीतून, हिरलबेनचा फोन आला. तिच्या लग्नात आप्पांनी सलाड सजवलं होतं. आता तिला घरी मुलांची पार्टी करायची होती, हॅलोवीन नावाची. त्यात सगळी भाजी भुतांची हवी होती. मुलं घाबरली पाहिजेत, अशी अट. पाच ताटं, पाच हजार रुपये, सगळे आधी.

मला काही उमजेना. आमच्या गल्लीतल्या गुजराती बायका काळी चौदशीला चौकात वडे ठेवून घरातली कटकट बाहेर काढतात, ते मला माहीत होतं. हे म्हणजे वेसूच्या श्रीमंतांची काळी चौदस असेल, असं मी धरून चालले. पण चौदशीला भूत बाहेर घालवतात. हे तर पैसे देऊन घरात बोलावत होते. मुलीला विचारलं तर म्हणाली, "आई, फॉरेनची गंमत आहे." गंमत असेल तर घाबरायचं कशाला? आणि घाबरायचं असेल तर जेवायचं कशाला? मी तो विचार सोडून दिला.

हिरलबेनने मोबाइलवर फोटो पाठवले. डांगर, म्हणजे लाल भोपळा, त्याला दात पाडलेले. गाजराची बोटं, त्यांना बदामाची नखं. आप्पांनी फोटो लांब धरून पाहिले.

"हे तर हसतंय," ते म्हणाले. "हसणारं भूत कसलं?"

माझे मिस्टर म्हणाले, "आप्पा, फोटोत आहे तसं करून दे ना. तुला काय करायचंय?"

"पैसे घाबरवायचे घेतले. मग घाबरवायला नको? आपल्याकडची करतो. खरी."

घरी त्यांनी नमुना म्हणून एक मुंजा केला. मुंज झाल्यावर मेलेला पोरगा पिंपळावर राहतो म्हणतात, तो. काळं वांगं, कांद्याच्या पातीची शेंडी, लाल मिरचीची जीभ. भाजीचं पाणी सुकावं म्हणून तो ओट्यावर ठेवला आणि आप्पा आत चहा प्यायला आले. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाई दळण घेऊन आल्या. त्यांचा ओटा आमच्या ओट्याला लागून आहे.

"ओ माय वं! हाई काय शे!"

दळणाचा डबा नाल्याजवळ जाऊन थांबला. सगळी गल्ली गोळा झाली. कुणी म्हणे करणी आहे, कुणी म्हणे अमावास्या कधी आहे ते बघा. एकाने लांबूनच मीठ फेकलं. समोरच्या म्हातारबाबांनी चपला काढून हात जोडले.

आप्पा कपबशी घेऊन बाहेर आले. "अरे, ते सलाड आहे."

"सलाडला जीभ असते का आप्पा?" शेवंताबाई ओरडल्या. "माझ्याच दारासमोर? मी तुमचं काय वाकडं केलं?"

त्यांनी दुसऱ्या दिवशी दाराला लिंबू-मिरची बांधली. आप्पांनी ती नीट निरखली आणि म्हणाले, "लिंबू बरं निवडलंय. डोळे नाहीत फक्त." शेवंताबाई आठ दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. आप्पा मात्र खुशीत होते. एका वांग्याने गल्ली हलली, आता वेसू हलणार.

पार्टीच्या दिवशी ताटं धरायला माणूस हवं म्हणून मला जावं लागलं. अकरावा मजला. लिफ्टमध्ये आप्पा हातातल्या मुळ्याशी बोलत होते, "मुळेराव, कुणाला तरी सांगा, ताट आडवं धरू नका."

टेबलावर मांडणी झाली. हिरलबेनच्या आग्रहाखातर एक दातवालं डांगर. मुंजा. वेताळाची पालखी, तिच्यापुढे मुळ्याच्या मशाली. आणि मधल्या ताटात हडळ.

ती हडळ पाहून मी गोंधळले. गाजराचं अंग, मक्याचे लांब केस, कोबीच्या पानाचं हिरवं लुगडं, कपाळावर डाळिंबाच्या दाण्याचं कुंकू. पावलं उलटी होती, तेवढीच काय ती हडळ. बाकी ती इतकी देखणी होती की मला तिच्यासमोर पदर सारखा करावासा वाटला. आप्पांनी तिला सगळ्यात शेवटी डोळे लावले आणि बराच वेळ हात मागे घेतला नाही.

पाचवं ताट रिकामं होतं. हिरलबेन म्हणाली, "अंकल, इसमें क्या आएगा?"

"आ गया," आप्पा म्हणाले. "इसमें चकवा है." चकवा म्हणजे माणसाला रानात वाट चुकवणारं भूत. ते दिसत नाही, मग ताटात काय दिसणार?

हिरलबेनने थोडा वेळ ताटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी दारामागे सरकले.

मुलं आली. कुणी सांगाडा झालेलं, कुणी चेटकीण. टेबलाभोवती जमली आणि ओरडली, "सो क्यूट!" एका सांगाड्याने मुंजाची शेंडी उपटून खाल्ली. वेताळाच्या मशाली सॉसमध्ये बुडवल्या गेल्या. हडळीचा हात एका परीने मोडून घेतला. चकव्याच्या ताटात वापरलेले कागदी रुमाल पडू लागले.

आप्पा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी हातातल्या उरलेल्या गाजराला हळूच विचारलं, "गाजरबाई, कुणी घाबरलं का?"

मी दारामागून म्हणाले, "गाजरबाई, अजून तरी नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठी टेकत एक म्हातारे आले. हिरलबेनचे सासरे, शामजीबापा. मूळचे काठेवाडचे, उभा जन्म हिरे घासण्यात गेलेला. ते टेबलापाशी थांबले, वाकले आणि हडळीची पावलं पाहिली.

"आ तो चुडेल छे!" ते म्हणाले. आमची हडळ तीच त्यांची चुडेल. "मुलांनो, हिला खाताय काय! आमच्या गावच्या विहिरीवर होती ही." पण मुलं तोवर केकपाशी गेली होती. मग बापांनी रिकामं ताट पाहिलं. आप्पांनी सांगितलं, चकवा. बापा नीट ऐकून घेत म्हणाले, "ये तो मुझे रोज होता है. सब दरवाजे एक जैसे. बाथरूम जाने निकलता हूँ, रसोड़े में पहुँचता हूँ."

आप्पा हसले. हसताना त्यांचे दात दिसतात हे मला त्या दिवशी कळलं.

निघताना हिरलबेन "बहु सरस, अंकल!" म्हणाली. पण आप्पा दारात अडून बसले. कुणी घाबरलं नाही, म्हणजे काम झालं नाही, म्हणजे पैसे परत. तिने हात जोडले, "अरे अंकल, छोड़ो ना!" आप्पांनी हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "हात नाही म्हणतो." पैसे तर भाजीत आणि घरात खर्च झालेले. तेव्हा ठरलं ते असं, की आप्पा दर एकादशीला येऊन शंभर रुपये बापांच्या हातात देतील. हिरलबेनला वाटलं, म्हातारा दोनदा येईल आणि विसरेल.

आप्पा विसरले नाहीत. महिन्याच्या दोन्ही एकादशांना धुतलेला सदरा घालायचा, शंभराची एक नोट वरच्या खिशात आणि पिशवीत व्याज. व्याज म्हणजे कोरलेलं रताळं, कारण उपासाला चालतं. कधी रताळ्याचा पोपट, कधी कासव. सकाळी अकराच्या बसने जायचे ते दिवे लागायच्या आत परत.

घरात रोज कटकट. माझे मिस्टर म्हणायचे, "आप्पा, तिला पैसे नकोयत! आणि द्यायचेच तर एकदम देऊन मोकळा हो. एकादशीला हजेरीचं काम सोडून शंभर रुपये द्यायला जातोस?"

"पाच हजार एकदम कुठून आणू?"

मलाही ते खरं वाटायचं. बिचारे, पै पै करून फेडतायत. मी त्यांच्या भाकरीवर तूप जास्त घालू लागले.

मार्चमध्ये घर झाडताना आप्पांच्या फळीवरून बिस्किटांचा डबा पडला. आत नोटा होत्या. सगळ्या शंभराच्या, कोऱ्या, बँकेची कागदी पट्टी अजून भोवती. मोजल्या, एक्केचाळीस. नऊ एकादशा झाल्या होत्या. म्हणजे पार्टीनंतर पहिल्या लग्नाचे पैसे मिळाले तेव्हाच त्यांनी पूर्ण पाच हजार बाजूला काढून, शंभराच्या नोटा करून आणल्या होत्या. पैसे होते. पहिल्यापासून होते.

मी नोटा पट्टीत घालून डबा जागेवर ठेवला. मिस्टरांना सांगितलं नाही. काय सांगणार, मलाच कळेना. पैसे असताना गरिबासारखं फेडायचं, याला काय म्हणायचं? हेही फॉरेनचं काही असतं का?

पुढच्या महिन्यात आप्पांचा गुडघा सुजला. एकादशी आली. आप्पा कोबीला म्हणाले, "कोबीबाई, कुणी बसमध्ये चढायला हात दिला असता तर बरं झालं असतं." मी गेले.

त्या दोघांनी बाल्कनीत खुर्च्या टाकल्या. मी आत दाराजवळ खाली बसले. बापांनी नोट उजेडात धरून खरी आहे ना ते पाहिलं, मग रताळ्याचं बदक मांडीवर घेतलं आणि बोलणं सुरू झालं. बापा काठेवाडी गुजरातीत, आप्पा आमच्या अहिराणीत, मध्ये दोघांची मोडकी हिंदी. अर्धं एकमेकांना समजत नसणार. पण जे आप्पा घरात दुधीशी चार शब्द बोलतात, ते तिथे माणसाशी बोलत होते. लूमचं सांगत होते, तापीच्या पुराचं सांगत होते, शेवंताबाईंची नक्कल करत होते. बापा खोकला येईपर्यंत हसले.

मग बापांनी विचारलं, "उखाभाई, तमारी चुडेल एटली रूपाळी केम हती?" तुमची हडळ एवढी सुंदर का होती?

आप्पांनी रताळ्याच्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग बोलले ते मी आपल्या भाषेत लिहिते.

"माझी कस्तुरी बाळंतपणात गेली. लेकरूही गेलं. आमच्याकडे म्हणतात, बाळंतीण मेली की हडळ होते, घरी परत येते. म्हणून लोकांनी स्मशानापासून आमच्या दारापर्यंत मोहरी पेरली. तिने यायचं म्हटलं तर एकेक दाणा वेचत यावं लागतं, आणि वेचता वेचता उजाडतं. मला कुणी विचारलं नाही. लोक घरोघर गेल्यावर मी टोपली घेऊन गेलो आणि सगळी मोहरी वेचून काढली. म्हटलं, यायचं असेल तर येऊ दे. आपलंच माणूस आहे."

बापांनी विचारलं, "आवी?"

"नाही आली," आप्पा म्हणाले. "एखादा दाणा राहिला असेल माझ्याकडून."

बापांनी केळाच्या वेफर्सची ताटली त्यांच्याकडे सरकवली. दोघं बराच वेळ वेफर्स खात राहिले.

जाऊबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, एवढंच मला माहीत होतं. त्यांचं नाव कस्तुरी होतं, हे बावीस वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं. घरात आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून एकादशीला सकाळी मी न सांगता सदऱ्याला इस्त्री करू लागले. मिस्टर कटकट करू लागले की मी म्हणायचे, "जाऊ द्या ना त्यांना. देणं आहे."

यंदा दिवाळीच्या आधी हिरलबेनचा फोन आला. बापांना गावी, अमरेलीकडे, धाकट्या मुलाकडे पाठवायचं ठरलं होतं. तिथे घर लहान आणि बैठं, वाट चुकायला नको. आता ते सुरतेला परत यायचे नाहीत.

आप्पांनी फोन ठेवला, फळीवरचा डबा काढला आणि उरलेल्या सगळ्या नोटा खिशात घातल्या. एकादशी नव्हती, तरी गेले. परत आले तेव्हा खिशात एक नोट होती. मिस्टरांनी विचारलं तर म्हणाले, "बापांनी घेतली नाही. म्हणाले, एवढी बाकी राहू दे. गावी येऊन दे."

"म्हणजे फिटले म्हण," मिस्टर म्हणाले.

"कसे फिटले? शंभर बाकी आहेत."

दोन महिने ती नोट त्यांनी खिशातून काढली नाही. सदरा धुवायला टाकताना दुसऱ्या सदऱ्यात घालायचे. लग्नसराई जोरात होती, कॅटरर्सचा माणूस रोज यायचा. आणि एका सकाळी आप्पा पिशवी भरून उभे. आत सात सुऱ्यांचं पाकीट, दोन सदरे आणि तीन किलो रताळी.

मिस्टर चिडले. "शंभर रुपये द्यायला अमरेली? मोबाइलवरून एका मिनिटात जातात!"

"मोबाइलला कुणी चहा विचारतं का?" आप्पा म्हणाले आणि बस पकडायला निघाले.

दोन दिवसांत येतो म्हणाले होते. चौथ्या दिवशी हिरलबेनच्या दिराने फोन करून सांगितलं, काळजी करू नका, अंकल मजेत आहेत, दोघं गावच्या विहिरीवर बसलेले असतात. सातव्या दिवशी कॅटरर्सने दुसरा माणूस घेतला. आप्पा अकराव्या दिवशी आले. जाऊन-येऊन भाडं तेराशे झालं. मिस्टरांनी आधी त्यांच्या वरच्या खिशात बोट घालून पाहिलं.

खिसा रिकामा होता. पाच हजार पूर्ण फिटले.